शिशाचे अंतराळवीर आणि त्यांची नोंदवही

माझ्या संग्रहातल्या मिनिएचर्स, म्हणजे युद्धखेळात टेबलावर मांडायच्या चिमुकल्या प्रतिमा, एकेकट्या फार कमी आल्या. बहुतेक गठ्ठ्याने आल्या. कोणीतरी तरुणपणी टेबलावर युद्धखेळ खेळलेला असतो, मग खेळ सुटतो आणि सगळं सैन्य एका खोक्यात जाऊन पडतं. पुष्कळ वर्षांनी ते खोकं माझ्याकडे पोचतं, तेव्हा त्यात पाच-सहा कंपन्यांचा माल एकमेकांत मिसळलेला असतो. जाड एनॅमल रंगाखाली बुजलेले चेहरे, नळी वाकलेल्या बंदुका, पायातून निखळलेले सैनिक, आणि तळाशी कुणाचे कोण हे न कळणारे हात, शिरस्त्राणं, पाठपिशव्या. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, विज्ञानकथेच्या जगातल्या या मिनिएचर्सची सूची मी कशी केली ते सविस्तर लिहिते आहे. जमवण्याबद्दल आम्ही संग्राहक भरभरून बोलतो. जमवलेलं नीट बघून लिहून ठेवण्याबद्दल मात्र त्या मानाने फारच कमी बोलतो, आणि माझ्या मते खरा आनंद तिथेच आहे.

ज्यांना हा प्रांत नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. टेबलावरचे युद्धखेळ आधी मुख्यतः ऐतिहासिक होते. रोमन फौजा, नेपोलियनच्या लढाया. १९७०च्या दशकात त्यात कल्पित जगं शिरली. अमेरिकेत १९७७ साली दोन महत्त्वाचे खेळ आले. एक स्टीव्ह जॅक्सन यांचा 'ओगर', ज्यात एकटा अजस्र यंत्रचलित रणगाडा अख्ख्या फौजेशी लढतो. दुसरा मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर', आंतरतारकीय प्रवासाचा. 'ट्रॅव्हलर'साठी अमेरिकेत मार्शियन मेटल्सने आणि ब्रिटनमध्ये सिटाडेलने १५ मिलिमीटरच्या चिमुकल्या फिगर काढल्या. सिनसिनाटीच्या राल पार्था आणि पेनसिल्व्हेनियातल्या ग्रेनेडियर या दोन कंपन्या १९७५च्या सुमाराच्या. ब्रिटनमध्ये ब्रायन ॲन्सेल हे नाव पुन्हापुन्हा भेटतं. नॉटिंगहॅमच्या अ‍ॅसगार्ड मिनिएचर्सच्या स्थापनेत ते होते, पुढे गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीच्या साथीने त्यांनी सिटाडेल उभी केली, आणि १९८० साली 'लेझरबर्न' ही विज्ञानकथेतल्या चकमकींची नियमावली लिहिली. बोल्ट गन (स्फोटक गोळ्यांची बंदूक), पॉवर आर्मर (यंत्रबळाचं चिलखत) या गोष्टी तिथे आहेत. सात वर्षांनी, १९८७मध्ये, रिक प्रीस्टली यांचं 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' आलं तेव्हा त्याच गोष्टी जगभर पोचल्या.

सूची करणाऱ्याला हा इतिहास एका कारणासाठी पाठ असावा लागतो. माणसं एका कंपनीतून दुसरीत गेली, शिल्पकार तर एकाच वेळी दोघा-तिघांसाठी काम करत. 'ही घडण अमक्या कंपनीची दिसते' असं नुसत्या शैलीवरून म्हणायला गेलं की पाय घसरतो. घडण शिल्पकाराची असते. कंपनी कोणती, ते दुसऱ्या पुराव्यांवरून ठरवावं लागतं.

खोकं उघडल्यावर मी आधी कुणालाच ओळखायला जात नाही. आजारी कोण आहे ते बघते.

शिसं हवेत राखाडी पडतं आणि तो राखाडी थर खालच्या धातूचं रक्षणच करतो. त्याला हात लावायचं कारण नाही. भीती असते ती पांढऱ्या भुकटीची, संग्राहक जिला 'लेड रॉट' म्हणतात तिची. लाकूड, त्यातही ओक, शिवाय प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा आणि काही गोंद यांच्यातून सेंद्रिय आम्लांची वाफ थोडीथोडी बाहेर पडत राहते. बंद कपाटात ती साठते. दमट हवेत त्यातलं ॲसेटिक आम्ल शिशाशी संयोग पावतं आणि लेड ॲसिटेट तयार होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं शिशाच्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतो, आणि या पायरीवर ॲसेटिक आम्ल पुन्हा मोकळं होतं. ते पुढच्या धातूकडे वळतं. त्यामुळे अगदी थोडं आम्लसुद्धा पुष्कळ शिसं खाऊ शकतं. कार्बोनेट मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून रंगाखाली आधी बारीक फोड दिसतात, मग रंग उचलला जातो आणि खालून पिठासारखी भुकटी बाहेर येते. बोटं, बंदुकीच्या नळ्या, अँटेना हे बारीक भाग सगळ्यात आधी जातात. ज्यांनी सुंदर लाकडी कप्पे करून हौसेने आपली फौज मांडली, त्यांच्याच फौजेला हा रोग जास्त होतो, हे फार वाईट वाटण्यासारखं आहे.

पांढरं दिसलं की ते रोगच असेल असं नाही. रंगाखाली लावलेला जुना पांढरा प्राइमर असतो, साच्याला लावलेली पावडर असते. दहापट भिंगाखाली फरक कळतो: प्राइमर सपाट बसलेला असतो, कार्बोनेट खालून उगवल्यासारखं दिसतं आणि त्याच्या कडेला धातू खरबरीत झालेला असतो. असे सगळे नमुने मी वेगळ्या डब्यात टाकते. ही भुकटी विषारी आहे, म्हणून ती कोरडी कधीच घासत नाही. हातमोजे, मास्क, ओला मऊ ब्रश, मग ऊर्ध्वपातित पाण्यात धुणं, पूर्ण वाळवणं आणि वर वॉर्निशचा थर. ब्रश, वाडगं, कापड सगळं या कामापुरतंच राखलेलं. व्हिनेगरने भुकटी झटकन जाते असा सल्ला पुष्कळदा ऐकायला मिळतो. व्हिनेगर म्हणजे पाण्यातलं ॲसेटिक आम्लच, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तेच. मी तो मार्ग घेत नाही. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत विद्युतप्रवाह वापरून कार्बोनेटचं पुन्हा धातूत रूपांतर करतात, त्याने नाजूक तपशीलही वाचू शकतो. ते घरी करण्याचं काम नव्हे. ज्या नमुन्यांचा चेहरामोहराच गेला आहे, त्यांना मी आहे त्या स्थितीत हवाबंद पिशवीत ठेवते आणि तशी नोंद करते.

आजारी वेगळे काढले की वाटणी. इथे मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा की या टप्प्यावर कुठलंही नाव उच्चारायचं नाही, मनातसुद्धा. चोचीसारखं शिरस्त्राण दिसलं की तोंडावर लगेच नाव येतं, आणि एकदा नाव आलं की डोळे त्या नावाला शोभेल तेवढंच बघतात. म्हणून ट्रे नावांचे नसतात. धातू आणि प्लास्टिक. भरीव पाया आणि खाचेत बसणारा पाया. मग उंची.

पायाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण जुन्या मिनिएचरचा अर्धा इतिहास तिच्या पायाखाली असतो. सुरुवातीच्या फिगर पायासकट एकसंध ओतलेल्या असत. खाली कधी कंपनीची अक्षरं, कधी नुसता आकडा, कधी काहीच नाही. १९८०च्या दशकात सिटाडेलने स्लॉटाबेस आणला: प्लास्टिकच्या चकतीला खाच, आणि फिगरच्या पायाखाली धातूची पट्टी, जी त्या खाचेत बसते. या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात. कंपनी, वर्ष, कित्येकदा त्या पात्राचं नावसुद्धा. चकतीत बसवल्यावर हे सगळं झाकलं जातं आणि माणसं ते विसरून जातात. चकती काळजीपूर्वक सोडवून, पट्टीवरचा गोंद काढून, एका बाजूने तिरका प्रकाश टाकला की अक्षरं उभी राहतात. फारच पुसट असतील तर मऊ शिसपेन्सिल उठावावरून अलगद फिरवते. त्या क्षणाचा उत्साह इतक्या वर्षांनंतरही कमी झालेला नाही.

पण पट्टी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पट्टीवरचं वर्ष हे शिल्पाच्या हक्काचं वर्ष, हातातला तुकडा ओतल्याचं नव्हे. साचा पुढे कितीतरी वर्षं चालू राहू शकतो. आणि पट्टीवरचं नाव व कॅटलॉगमधलं नाव एकच असेल याची खात्री नाही. म्हणून मी पट्टीवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवते, शब्द चुकीचा वाटला तरी, अक्षर अर्धवट असलं तरी. अर्धवट अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, तुटलेल्या भागाच्या जागी तिरकी रेघ. मनाने जागा भरायची नाही.

यातूनच माझ्या नोंदवहीची रचना ठरली. प्रत्येक पान मधोमध उभं विभागलेलं आहे. डावीकडे जे दिसतं, मोजता येतं, तोलता येतं ते. उजवीकडे मला जे वाटतं ते. डावीकडे पदार्थ, तळव्यापासून डोळ्यापर्यंतची उंची, तळव्यापासून डोक्यापर्यंतची उंची, वजन, पायाचा प्रकार, पट्टीवरची अक्षरं, साच्याची रेघ (त्याच्या दोन भागांच्या जोडाची) कुठून कुठे जाते, सुटे भाग किती, काय तुटलं आहे, रंगाची अवस्था. उजवीकडे निर्माता, मालिका, सांकेतिक क्रमांक, नाव, शिल्पकार, वर्ष, आणि या प्रत्येकापुढे दोन आणखी रकाने: कशावरून, आणि किती खात्रीने. खात्रीच्या तीनच पायऱ्या ठेवल्या आहेत: निश्चित, संभाव्य, अंदाज. उजवीकडचं मत बदललं तर जुनं खोडत नाही; त्याखाली तारीख घालून नवं लिहिते. डावी बाजू मात्र नमुन्याची अवस्था बदलल्याशिवाय बदलत नाही. या एका उभ्या रेघेने माझं जेवढं काम वाचवलं तेवढं कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने वाचवलं नसतं. आता सगळं स्प्रेडशीटमध्ये आहे, पण ती रेघ तिथेही आहे.

नमुन्याचा क्रमांकही त्याच विचाराने. नव्या संग्राहकांना क्रमांकात कंपनीचं आद्याक्षर, मालिका, आकार असं सगळं कोंबायचा मोह होतो. मी फक्त संग्रहात आल्याचं वर्ष आणि त्यापुढे चढता आकडा लिहिते. कंपनीबद्दलचं मत उद्या बदलू शकतं; क्रमांक बदलता कामा नये, कारण तो छायाचित्रावर, पिशवीवर, पायाखाली सगळीकडे लिहिलेला असतो. पायाखाली लिहिताना संग्रहालयांची पद्धत वापरते: आधी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ ठिपका, तो वाळला की त्यावर बारीक निबने क्रमांक, वर पुन्हा एक थर. ॲसिटोनच्या एका थेंबाने तो निघून येतो आणि धातूवर काही उरत नाही.

मोजमापाची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. २५ मिलिमीटर म्हणजे काय यावर कंपन्यांचं कधी एकमत नव्हतं. कुणी डोळ्यापर्यंत मोजलं, कुणी डोक्यापर्यंत. पुढे पुढे फिगर वाढतच गेल्या आणि २८ मिलिमीटर हे माप रूढ झालं. त्यात आमच्या या शाखेत परग्रहवासी आले. सहा हातांच्या, वाकून चालणाऱ्या प्राण्याची उंची कुठून कुठपर्यंत धरायची? अशा वेळी मी उंचीऐवजी न वाकणारे दोन बिंदू निवडते, म्हणजे छातीच्या कवचाची रुंदी किंवा पायाच्या दोन कडा, आणि कोणते बिंदू घेतले ते लिहिते. व्हर्नियर कॅलिपरचे जबडे मऊ शिशावर ओरखडे काढतात, म्हणून प्लास्टिकचा कॅलिपर.

वजनाचा उपयोग मला पुष्कळ उशिरा उमगला, आणि तेव्हापासून तो माझा आवडता पुरावा आहे. जुना मिश्रधातू म्हणजे शिसं आणि कथील, कमीजास्त प्रमाणात. शिशाची घनता ११.३ आणि कथलाची ७.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, फरक मोठा आहे. घनता काढायला प्रयोगशाळा लागत नाही. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, आणि फिगर बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरायची. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं तिचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. समजा फिगर कोरडी ११ ग्रॅम भरली आणि पाण्यात काट्याने १.१ दाखवलं, तर घनता १०, म्हणजे शिसं भरपूर. ७.३च्या आसपास आली तर धातू मुख्यतः कथील, आणि तो तुकडा नंतरच्या काळात ओतलेला असण्याची शक्यता वाढते. रंग असेल किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर आकडा खाली येतो, म्हणून रंग नसलेल्या नमुन्यांवरच मी या आकड्याला वजन देते.

काळाचं गणित इथे उपयोगी पडतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिशावर निर्बंध येण्याची चिन्हं दिसू लागली, आणि राल पार्थाने १९९३मध्ये शिसं नसलेला, त्यांनी 'रॅलिडियम' असं नाव दिलेला धातू वापरायला सुरुवात केली. सिटाडेल त्याच दशकाच्या उत्तरार्धात शिशापासून दूर गेली. म्हणजे १९८०च्या दशकातल्या शिल्पाची बिनशिशाची प्रत हाती आली तर ती पहिल्या काळातली नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं. नकली आहे असं मात्र लगेच म्हणू नये.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. कंपन्या बंद पडल्या तरी साचे जिवंत राहिले. ग्रेनेडियर १९९६मध्ये बंद झाली; तिचे बरेच साचे इटलीच्या मिरलिटनकडे गेले. मार्क कॉपलस्टोन यांनी ग्रेनेडियरसाठी घडवलेले 'फ्यूचर वॉरियर्स' पुढे दुसऱ्या कंपनीकडून मिळू लागले. राल पार्थाचं बॅटलटेक या महाकाय युद्धयंत्रांच्या खेळाचं काम सिनसिनाटीतच आयर्न विंड मेटल्सने पुढे नेलं. 'लेझरबर्न'चे १५ मिलिमीटरचे सैनिक आज आल्टरनेटिव्ह आर्मीज ओतते. ही सगळी रीतसर, हक्काने केलेली ओतकामं आहेत. त्यांना चोरट्या नकलांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. माझ्या सूचीत म्हणून ओतकामाचे तीन प्रकार आहेत: मूळ काळातलं, नंतरचं हक्काचं, आणि संशयित.

संशयिताला पकडायचं कसं, ते ओतकामाची पद्धत समजली की कळतं. शिल्पकार एपॉक्सी पुट्टीत मूळ प्रतिमा घडवतो. रबराच्या दोन तबकड्यांच्या मध्ये ती ठेवून उष्णतेने आणि दाबाने साचा पक्का करतात. मग साचा गरगर फिरवत मध्यभागी वितळलेला धातू ओततात; तो बाहेरच्या दिशेने फेकला जाऊन पोकळ्यांत शिरतो. रबरही आकसतं, थंड होणारा धातूही आकसतो. कंपनीने हे धरूनच काम केलेलं असतं. पण कोणी बाजारातली तयार फिगर घेऊन तिच्यावरून नवा साचा केला, तर आकसणं दुसऱ्यांदा होतं. नक्कल मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान निघते, कडा बोथट होतात, पट्टीवरची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. खात्रीच्या प्रतीशी, तेच दोन बिंदू घेऊन, कॅलिपरने ताडलं की कळतं. डाव्या बाजूच्या रकान्यात मोजमाप आधीपासून असेल तरच हे शक्य होतं.

साच्याची रेघ आणि साच्याची दुखापत या दोन गोष्टी त्याहून बोलक्या आहेत. एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या प्रतींवर जोडाची रेघ त्याच वाटेने जाते. रबरी साचा वापरून वापरून फाटतो, आणि फाटलेल्या जागी धातू शिरून एक नको असलेली गाठ तयार होते. फाट वाढत जाते तशी गाठ मोठी होते. रायफल छातीशी धरलेला एक सैनिक माझ्याकडे बराच काळ नावाविना होता. पट्टी मुळापासून कापलेली, कॅटलॉगांत खात्रीने दाखवता येईल असं चित्र नाही, घडणीवरून दोन-तीन कंपन्या संभवत होत्या. उजवी बाजू रिकामी होती. डावीकडे मात्र लिहिलेलं होतं: रेघ डाव्या कानावरून खांद्याच्या पट्ट्याकडे, उजव्या गुडघ्यामागे मोहरीएवढी गाठ. पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच एका गठ्ठ्यात तोच सैनिक आला, जाड हिरव्या रंगात, चकतीला चिकटलेला. चकती सोडवली तर पट्टी अखंड, त्यावर सिटाडेलचं नाव आणि वर्ष. रंग काढल्यावर रेघ तंतोतंत त्याच वाटेने गेलेली दिसली आणि गुडघ्यामागची गाठ पहिल्याहून ठळक. म्हणजे साचा तोच, आणि अखंड पट्टीची ही प्रत आधीच्या बिनपट्टीच्या प्रतीनंतर ओतलेली. एका गाठीमुळे पहिल्याला कंपनी मिळाली आणि दोघांचा क्रमही लागला. त्या दिवशी मी दोन्ही नोंदी पूर्ण करून उठले तेव्हा रात्र झाली होती.

छापील साधनांवर मी इतकं विसंबत नाही याचं कारण त्यांचा अनादर नाही. 'व्हाइट ड्वार्फ' मासिक १९७७पासूनचं आहे आणि त्यातल्या जाहिराती म्हणजे खजिना आहे. एखादी मालिका बाजारात केव्हा होती याचा तो सगळ्यात चांगला छापील पुरावा. कंपन्यांचे कॅटलॉगही मी तासन्‌तास चाळते. पण त्यांत चित्रं रेखाटलेली असत, आणि रेखाटणारा कधी बंदूक बदलून टाकी तर कधी हात. एकाच सांकेतिक क्रमांकाखाली अनेक वेगवेगळ्या फिगर असत, आणि तोच क्रमांक पुढे दुसऱ्या फिगरला दिलेलाही सापडतो. छापील पानावरून मालिका ओळखावी, आणि विशिष्ट नमुना ओळखताना पुन्हा धातूकडे यावं.

प्लास्टिकसाठी वेगळी रीत लागली. १९८७चा आरटीबी०१ हा स्पेस मरीनचा, म्हणजे 'वॉरहॅमर ४०,०००'मधल्या चिलखती सैनिकांचा, संच आला, एका खोक्यात तीस सैनिक, सुट्या हातापायांचे. त्या काळासाठी ही मोठीच झेप होती. ज्यांना धातूची फौज परवडत नव्हती त्यांना एका खोक्यात फौज मिळाली. शिल्पकार बॉब नेस्मिथ यांनी स्पेस मरीनला दिलेलं ते चोचीचं रूप आजही दुरून ओळखू येतं. जुन्या गठ्ठ्यांत हे सैनिक हमखास सापडतात, आणि हमखास मोडलेले असतात. मी त्यांची नोंद सैनिक धरून करत नाही, भाग धरून करते: पाय, धड, शिर, हात, पाठपिशवी. कारण मूळ मालकाने ते कसे जोडले तो त्याचा निर्णय होता, आणि अर्धे हात कधीच दुसऱ्या संचातून आलेले असतात.

आता रंगाचा प्रश्न, ज्यावर आम्हा लोकांचे कडाक्याचे वाद होतात. आली फिगर की काढ रंग, अशी पुष्कळांची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. १९८०च्या दशकात कोण्या मुलाने एनॅमलच्या डबीतून, जाड ब्रशने रंगवलेला सैनिक हाही त्या काळाचा दस्तऐवज आहे. फौजेचे रंग, पायावर चिकटवलेलं हिरवं भुश्शाचं गवत, पाठीवर हाताने लिहिलेला तुकडीचा आकडा, यातून तो खेळ प्रत्यक्ष कसा खेळला जायचा ते कळतं, आणि ते कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. एकाच हाताने रंगवलेली तुकडी असेल तर मी ती फोडत नाही, तिला एक गटक्रमांक देते आणि तशीच ठेवते. पुट्टी लावून बदललेली शिरं, दुसऱ्या फिगरचे हात बसवलेले, अशा रूपांतरांनाही मी हात लावत नाही. ज्यांचा रंग आधीच उडालेला आहे किंवा खाली रोगाची शंका आहे, त्यांचाच रंग काढते, तोही सगळ्या बाजूंनी छायाचित्रं काढून झाल्यावर.

काढायचाच असेल तर धातूला ॲसिटोन चालतो, खिडक्या उघड्या ठेवून आणि ज्योतीपासून दूर. प्लास्टिकजवळ तो नेऊसुद्धा नये. पॉलिस्टायरिन त्यात विरघळतं. ब्रिटनमधल्या जुन्या खेळाडूंची पद्धत म्हणजे डेटॉलमध्ये भिजत घालणं, आणि ती चांगली आहे, फक्त सैल झालेला रंग डेटॉलमध्येच घासून काढायचा. मध्येच पाण्याखाली धरलं तर रंगाचा चिकट डांबरासारखा लगदा होऊन बारीक खाचांत बसतो. मग तो निघता निघत नाही. जुनी पुट्टी असेल तिथे थोडं थोडं करत जावं.

छायाचित्रांसाठी करड्या रंगाची पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंनी पसरलेला प्रकाश, शेजारी मोजपट्टी, कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि पट्टीचं वेगळं, तिरक्या प्रकाशात. देखणं छायाचित्र यात येत नाही, पण दोन नमुने शेजारी ठेवून ताडता येतात.

साठवणुकीत लाकूड, पुठ्ठा, वर्तमानपत्र आणि रबरबँड यांना मी पूर्ण बाहेर ठेवलं आहे. पॉलिप्रॉपिलीनचे डबे, पॉलिइथिलीनचा फोम, सिलिका जेल. डब्यात आम्लाची वाफ आहे का हे तपासायला चित्रपट-संग्रहालयांत फिल्मसाठी वापरतात त्या एडी पट्ट्या ठेवते. त्या निळ्या असतात, आम्ल असेल तर हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. एखाद्या डब्यातली पट्टी हिरवट दिसली की तो सगळा डबा रिकामा करते आणि कारण सापडेपर्यंत आतला एकही नमुना परत ठेवत नाही. बहुतेकदा कारण एखाद्या पायाला चिकटवलेला पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडाच निघतो.

सध्या १५ मिलिमीटरच्या ट्रेवर काम चालू आहे. २५ मिलिमीटरवाल्यांपेक्षा हे फार अवघड आहेत: पायाची पातळ पट्टी, त्यावर बहुधा एकही अक्षर नाही, चेहरे टाचणीच्या डोक्याएवढे, आणि वजन इतकं कमी की पाण्यात धरल्यावर काट्याचा शेवटचा आकडाच थरथरतो. म्हणून चार-पाच सारख्या प्रती एका दोऱ्यात ओवून एकत्र बुडवते आणि सरासरी घेते. 'लेझरबर्न'चे साचे अजून चालू असल्यामुळे एक सोय मात्र झाली आहे. ताज्या ओतलेल्या प्रती मागवून त्यांचा एक संदर्भसंच केला आहे, प्रत्येकीला कंपनीने दिलेल्या क्रमांकासह. जुना नमुना त्यांच्या शेजारी ठेवायचा, रेघ बघायची, पायाची लांबी मोजायची, मग घनता. पहिल्या रांगेतल्या बऱ्याच जणांच्या नोंदीत 'अंदाज' होता तिथे आता 'संभाव्य' आलं आहे, आणि काहींच्या पुढे 'निश्चित'. 'ट्रॅव्हलर'च्या फिगरसाठी असा संदर्भसंच अजून जमायचा आहे. कोणाकडे मूळ खोक्यासकट, न हललेला संच असेल तर मला तो विकत नको आहे. फक्त मोजू द्यावा.